उंबरठ्यावरची कसोटी



क्षमा हे वीराचे भूषण, असे आपण नेहमी म्हणतो. परंतु या वचनाची खरी कसोटी लागते, ती घाव स्वतःच्या घरावर पडतो तेव्हा. अमेरिकेतील नागरी हक्क चळवळीचे नेते डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावर ती वेळ वयाची २७ वर्षे पूर्ण होताच आली.

माँटगोमेरी शहरात बसमध्ये कृष्णवर्णीयांनी गोऱ्या प्रवाशांना जागा द्यावी, असा दंडक होता. रोझा पार्क्स यांनी तो नाकारला. त्यांना अटक झाली. ५ डिसेंबर १९५५ पासून कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार घातला. ३० जानेवारी १९५६ रोजी, म्हणजे गांधीजींच्या स्मृतिदिनीच, किंग सभेत असताना त्यांच्या घरावर बॉम्ब टाकण्यात आला. पत्नी व तान्ही कन्या सुदैवाने बचावल्या. दारात संतप्त जमाव लोटला. काहींच्या हाती शस्त्रे होती. किंग यांनी शस्त्रे घरी नेण्यास विनविले, शत्रूवरही प्रेम करण्यास सांगितले. जमाव शांतपणे परतला.

बहिष्कार ३८१ दिवस चालला. लोक पायी कामावर गेले. अखेर सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने बसमधील भेद संपला.

१९५९ मध्ये किंग भारतात आले, मुंबईच्या मणिभवनात राहिले. १९६४ च्या नोबेल पुरस्काराची रक्कम त्यांनी चळवळीस अर्पण केली. ४ एप्रिल १९६८ रोजी मेंफिस येथे, सफाई कामगारांच्या संपास पाठिंबा देण्यास गेले असता, वयाच्या ३९ व्या वर्षी त्यांची हत्या झाली.

१९६४ चा नागरी हक्क कायदा व १९६५ चा मतदान हक्क कायदा ही त्यांच्या चळवळीची फळे होत. बीज मात्र उंबरठ्यावर आवरलेल्या त्या क्रोधात होते.