नंदुरबारचा फडके कुठे आहे?

मंडळी, संमेलनाच्या अध्यक्षाने हार स्वीकारावा, चार गोड शब्द बोलावेत आणि जेवायला निघावे, अशी रीत पडली आहे. ती आज मी पाळणार नाही.

सन 2000 मध्ये बेळगावच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते य. दि. फडके. हे ना कवी, ना कादंबरीकार, राज्यशास्त्राचे प्राध्यापक. या माणसाने उभी हयात महाराष्ट्राचे राजकारण आणि इतिहास यांत घालवली. 'विसाव्या शतकातील महाराष्ट्र'चे खंडामागून खंड लिहिले, केशवराव जेध्यांचे चरित्र लिहिले. अरुण शौरींनी आंबेडकरांवर चिखलफेक केली तेव्हा पुस्तकाला पुस्तकाने उत्तर दिले. जुन्या फायली आणि पत्रव्यवहार उपसून, पुराव्यानिशी. आणि आमच्याकडे अजून 'प्रादेशिक अभ्यास' म्हटले की नाक मुरडले जाते, जणू ते दुय्यम दर्जाच्या माणसाचे काम!

मी विचारतो, नंदुरबारचा फडके कुठे आहे?

1880 साली खानदेशचे गॅझेटियर इंग्रज सरकारने छापले. भिल्लांबद्दल काय मानायचे हे त्यात साहेबाने ठरवले आणि आपण ते पाठ केले. 1972च्या सुमारास याच शहाद्याच्या शिवारात सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीने राबणारे आदिवासी मजूर, जमीनदारांविरुद्ध उठले. त्यांचे पुढारी अंबरसिंग महाराज, त्यांची श्रमिक संघटना, दारूचे माठ फोडणाऱ्या बाया, हे सगळे इथलेच. त्यावर 1976 साली इंग्रजीत लिहिले मारिया मीस या जर्मन विदुषीने. कार्यकर्त्यांनीही लिहिले. पगारी प्राध्यापक तेव्हा काय करत होता, आणि आज काय करतो आहे? बढतीचे गुण मोजतो आहे!

पुरावा नाही, असे मला कुणी सांगू नये. तलाठ्याकडे जमिनीच्या फेरफारांची नोंदवही उघडून बघा. देणाऱ्याचे नाव भिल्लाचे, खाली शाईचा अंगठा, घेणाऱ्याची मात्र झोकदार सही. नोंदीमागून नोंद वाचत जा, जमीन कुणाच्या हातून कुणाकडे गेली ते तुम्हाला दिसेल. आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा राज्याने 1974 साली का केला, याचे उत्तर त्या वहीत आहे. तळोद्याकडच्या म्हाताऱ्यांना गुलाम महाराजांच्या 'आप की जय' चळवळीबद्दल विचारा. 1930च्या दशकात दारू सोडणारी या चळवळीतली माणसे कुणाच्या डोळ्यांत का खुपली, हे ते सांगतील. सरदार सरोवराच्या पाण्याखाली अक्कलकुवा-अक्राणीची गावे गेली. त्यांच्या आठवणी सांगणारे आज आहेत, उद्या नसतील, म्हणून मला घाई आहे.

राज्यशास्त्राचे विद्यार्थी इथे अमेरिकेच्या सिनेटचे अधिकार घडाघडा सांगतात. आपल्या तालुक्यात वनहक्काचे दावे का अडले, हे विचारले की गप्प! दोष पोरांचा नाही, शिकवणाऱ्यांचा आहे. समोर बसलेल्यांना हे झोंबेल. झोंबावे म्हणूनच बोलतो आहे.

तेव्हा ठराव मांडतो. जिल्ह्यातल्या प्रत्येक महाविद्यालयाच्या इतिहास आणि राज्यशास्त्र विभागाने एकेक गाव घ्यावे. फेरफार नकलून काढावेत, जुन्या माणसांच्या साक्षी भिलोरी-पावरीत, त्यांच्याच शब्दांत टिपून घ्याव्यात आणि पुढच्या संमेलनात मराठीतून वाचाव्यात. अनुमोदन मला प्राध्यापकांकडूनच हवे आहे. ज्यांचा विरोध असेल त्यांनी इथे यावे आणि या माइकवरून कारण सांगावे.