दोघांची एक लेखणी



साहित्यसंस्थेच्या व्याख्यानमालेत रेडिओ-टेलिव्हिजनसाठी विनोदी मालिका लिहिणाऱ्या दोघा इंग्रजांचा विषय घ्यावा, हे काहींना रुचणार नाही. लेखन हे एकट्याचे काम आणि विनोद म्हणजे हलके काम, असे दोन समज आपल्याकडे खोल रुजले आहेत. रे गॅल्टन आणि अ‍ॅलन सिम्प्सन यांनी हे दोन्ही समज खोटे पाडले.

दोघांची गाठ पडली १९४८ साली, सरे परगण्यातील मिलफर्डच्या क्षयरुग्णालयात. अठरा-एकोणीस वर्षांची ही मुले तेथील अंतर्गत रेडिओसाठी लिहू लागली. पुढे १९५४ मध्ये बीबीसीवर ‘हॅन्कॉक्स हाफ अवर’ सुरू झाले. तोपर्यंत रेडिओवरचा विनोद म्हणजे चुटके, गाणी आणि ठराविक पालुपदे. या दोघांनी ते बाजूला सारले आणि अर्धा तासभर एक माणूस उभा केला. टोनी हॅन्कॉकचा हा नायक मोठेपणाचा भुकेला, पण आतून भित्रा. ‘द ब्लड डोनर’ (१९६१) या भागात तो ऐटीत रक्तदानाला जातो आणि किती रक्त घेणार हे कळताच गडबडतो. शेवटी भाकरीच्या सुरीने स्वतःलाच कापून घेतो आणि त्याचेच रक्त त्याला परत द्यावे लागते. हसू येते ते शब्दाच्या कोटीमुळे नव्हे, तर स्वभावामुळे.

१९६१ मध्ये हॅन्कॉक त्यांच्यापासून वेगळा झाला. नामवंत नट गेला, आता लेखकांचे काय? बीबीसीने त्यांना स्वतंत्र नाटुकल्यांची मालिका लिहायला सांगितले. त्यांतील ‘द ऑफर’ हे नाटुकले जानेवारी १९६२ मध्ये प्रसारित झाले. लंडनमधले एक भंगारवाले बापलेक. मुलगा हॅरल्ड घर सोडायला निघतो, आपले सामान गाडीवर लादतो. पण घोडा मिळत नाही, आणि ती गाडी त्याच्या एकट्याच्याने हलत नाही. तो रडू लागतो. बाप त्याला हळूच घरात नेतो. विनोदी कार्यक्रम पाहायला बसलेला प्रेक्षक इथे गप्प होतो. यातूनच ‘स्टेप्टो अँड सन’ ही मालिका जन्मली आणि १९७४ पर्यंत चालली. भूमिकांसाठी त्यांनी विनोदवीर न घेता विल्फ्रिड ब्रॅम्बेल आणि हॅरी कॉर्बेट हे नाट्यनट घेतले, तेही याचसाठी.

हॅरल्डची भाषा मुद्दाम ऐकावी. तो सुशिक्षितांसारखे बोलू पाहतो. मध्येच एखादा शब्द घसरतो आणि त्याची गल्ली उघडी पडते. आपण दोन-तीन भाषांच्या सीमेवर राहणारी माणसे. उच्चारावरून माणसाचे गाव आणि पायरी कशी ओळखली जाते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

मग यातले वाक्य गॅल्टनचे कोणते आणि सिम्प्सनचे कोणते? सिम्प्सन टंकलेखन करी. पण दोघांनाही पटल्याशिवाय वाक्य कागदावर उतरत नसे. म्हणजे प्रत्येक ओळीला तिचा पहिला टीकाकार जन्मतःच लाभत होता. आपण एकटे लिहिणारे कितीदा आपल्याच वाक्यावर लुब्ध होतो!

१९७२ मध्ये अमेरिकेने ही कथा लॉस एंजेलिसमधल्या कृष्णवर्णीय बापलेकांवर बेतली, आणि ती तिथेही रुजली. सुटू पाहणारा मुलगा आणि एकटे पडण्याला भ्यालेला बाप कोणत्या गावात नाहीत? ज्या लेखनाने ही दोन माणसे इतक्या ममतेने पाहिली, त्याला साहित्य म्हणायला आपण कचरू नये, एवढीच माझी विनंती.