साबणाचा फेस आणि पाण्याच्या घागरी



आळंदीच्या घाटावर उतरणाऱ्या वारकऱ्यांना गेल्या काही वर्षांत इंद्रायणीच्या पात्रावर पांढऱ्या फेसाचे थर तरंगताना वारंवार दिसले आहेत. कारखान्यांचे रासायनिक सांडपाणी आणि वस्त्यांचे शुद्ध न केलेले मैलापाणी ही त्याची उघड कारणे होत. परंतु अशी छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकली की सुशिक्षितांच्या घरांत एक उपदेश सुरू होतो : पर्यावरणाला पोषक असा साबण वापरा. मग हिरव्या पानाचे चित्र असलेली महागडी बाटली घरात येते. ती परवडणाऱ्याला पुण्य लाभते आणि स्वस्त भुकटीने चार घरची धुणी धुणारी बाई नदी नासवल्याच्या पापाची धनी ठरते. पापपुण्याची ही वाटणी मान्य करण्यापूर्वी साबणाचा व्यवहार नीट पाहिला पाहिजे.

तेल किंवा चरबी आणि कॉस्टिक सोडा यांच्यापासून होतो तो खरा साबण. पाण्यातील जिवाणू त्याचा फडशा लवकर पाडतात. त्याची खोड एकच. दुष्फेन पाण्यात तो क्षारांशी संयोग पावून चिकट साका होतो. कपडे भुरकट पडतात आणि वडी मात्र झिजते. दख्खनच्या पठारावरील विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी पुष्कळ ठिकाणी असेच आहे. डिटर्जंटच्या भुकटीला ही अडचण फारशी येत नाही. 1959 मध्ये सर्फ भारतीय बाजारात आली, पण ती मध्यमवर्गाची वस्तू राहिली. 1969 मध्ये अहमदाबादेत निरमाचे उत्पादन सुरू झाले आणि स्वस्त पिवळी भुकटी कष्टकऱ्यांच्या घरांत पोहोचली. स्त्रियांच्या मनगटांवरचा भार तिने हलका केला, हे सत्य नाकारण्यात अर्थ नाही. रिठ्याकडे व राखेकडे परत चला असे सांगणाऱ्यांच्या घरी धुणे बहुधा दुसरेच कोणी धूत असते! शिवाय रिठ्यातील फेसाळ द्रव्य, सॅपोनिन, माशांना विषारी असते. निसर्गातून आले म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही.

पहिल्या पिढीतील डिटर्जंटांचे रेणू फाटे फुटलेल्या साखळीचे होते आणि जिवाणूंना ते सहज पचत नसत. युरोप-अमेरिकेतील नद्यांवर फेसाचे डोंगर उभे राहिले. पश्चिम जर्मनीने 1961 मध्ये कायदा केला, तो 1964 पासून अमलात आला, आणि सरळ साखळीचे, पचणारे रेणू वापरणे उद्योगाला भाग पडले. अमेरिकेतील उत्पादकांनी 1965 मध्ये तोच बदल केला. बाटलीवरच्या हिरव्या पानाने ही सुधारणा घडविलेली नाही. सार्वजनिक दबाव आणि कायदा यांपुढे नफ्याला वाकावे लागले.

परंतु या सरळ साखळीलाही पचण्यासाठी प्राणवायू लागतो. मैल्याने कुजलेल्या नाल्यात तो उरलेलाच नसतो. तेव्हा पुड्यावर छापलेला ‘जैवविघटनशील’ हा शब्द प्रयोगशाळेत खरा ठरतो आणि शहराच्या नाल्यात खोटा. मैलापाणी शुद्ध करणे हे नगरपालिकेचे कर्तव्य आहे; ते गृहिणीच्या बादलीवर ढकलता येणार नाही.

फॉस्फेटची कथाही याच वळणाची आहे. पाणी सुफेन करण्यासाठी ते भुकटीत घालतात. पुढे तलावात तेच शेवाळ आणि जलपर्णी यांचे खत होते. युरोपीय संघाने 2013 पासून घरगुती धुलाईच्या भुकटीतील फॉस्फरसवर कायद्याने मर्यादा घातली. भारत सरकारने 1991 मध्ये मातीच्या माठाचे चिन्ह असलेली ‘इकोमार्क’ योजना काढली. साबण आणि डिटर्जंट तिच्या कक्षेत होते, पण भाग घेणे ऐच्छिक होते. उत्पादकांनी तिच्याकडे पाठ फिरवली व ग्राहकाला तो माठ दुकानात क्वचितच दिसला. 2024 मध्ये तिच्या जागी नवे नियम आले आहेत.

मग घरासाठी निवड कशी करावी? सर्वात आधी फेसाची भूल सोडावी. कपडे स्वच्छ होण्याचा आणि भरपूर फेसाचा संबंध अगदी थोडा आहे. धुलाईयंत्रासाठीची भुकटी मुद्दाम कमी फेसाची करतात आणि तरीही कपडे स्वच्छ निघतात. हाताने धुणाऱ्या ग्राहकाला मात्र जाहिरातींनी फेस मोजायला शिकवले आहे. हा फेस काढण्यासाठी कपडे पुनःपुन्हा खळबळावे लागतात. ज्या वस्तीत पाणी टँकरने येते तिथे हे जादा पाणी बाईच्या डोक्यावरून येते. गोरेगावच्या पाण्यासाठी लढून मृणाल गोरे ‘पाणीवाली बाई’ झाल्या, त्या महाराष्ट्रात साबणाची किंमत घागरींतही मोजली पाहिजे. कमी पाण्यात निघून जाणारा, कमी लागणारा साबण हाच पहिल्या पसंतीचा.

नळाचे पाणी सुफेन असेल तिथे धुण्याच्या साबणाची साधी वडी पुरते. पाणी दुष्फेन असेल तर आधी थोडा धुण्याचा सोडा घालावा, म्हणजे साबण वाया जात नाही. भुकटी घ्यायचीच तर फॉस्फेटरहित घ्यावी आणि पुड्यावरील मापापेक्षा कमी घालून पाहावी. अंगाच्या साबणाच्या वेष्टनावर स्निग्धांशाचे प्रमाण, टी.एफ.एम., छापलेले असते. पहिल्या प्रतीच्या साबणात ते किमान 76 टक्के असावे लागते. जंतुनाशक साबणासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2016 मध्ये ट्रायक्लोसानसह 19 द्रव्यांना अशा साबणांत बंदी केली; साध्या साबणापेक्षा ती अधिक गुणकारी आहेत हे उत्पादकांना दाखवता आले नव्हते.

तेलाचा प्रश्न अधिक अवघड आहे. ‘शुद्ध वनस्पतिजन्य’ असे मिरवणाऱ्या वडीत बहुधा पामतेल असते, आणि त्याच्या मळ्यांसाठी इंडोनेशिया व मलेशियातील अरण्ये तोडली गेली आहेत. 1911 मध्ये लिव्हर कंपनीला बेल्जियन काँगोत पामतेलाच्या सवलती मिळाल्या, तेव्हा तिथे मजुरांना सक्तीने राबवले गेले. कडुनिंब, करंज, मोह यांच्या अखाद्य तेलांपासून साबण करण्याचा उद्योग खादी-ग्रामोद्योग क्षेत्राने वाढवला. असा साबण जवळपास मिळत असेल तर त्याला प्राधान्य द्यावे.

एकट्या गृहिणीने उत्पादकाला प्रश्न विचारला तर तिला बहुधा उत्तर मिळत नाही. 1975 मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने एकत्रित खरेदीचा मार्ग दाखवून दिला आहे. वस्तीतील पन्नास घरांनी महिन्याची भुकटी एकत्र घेतली, तर पुरवठादाराकडे फॉस्फेटच्या प्रमाणाचा लेखी खुलासा मागता येतो. त्याच पन्नास घरांच्या सह्यांचे दुसरे निवेदन नगरपालिकेकडे न्यावे : गावाचे मैलापाणी किती, त्यातले शुद्ध होते किती आणि उरलेले कोणत्या नाल्यातून नदीला मिळते?