आव्यातील काळे चित्र
(किहीम येथील ज्ञातिसंमेलनातील भाषण)



किहीमच्या दक्षिणेस चौल आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक ग्रंथात त्या बंदराचे नाव ‘सेमुल्ला’ असे येते. त्या ग्रंथाच्याही सुमारे सहाशे वर्षे आधी अथेन्सला जे कुंभार होऊन गेले, त्यांच्याविषयी आज आम्ही चार शब्द बोलणार आहो.

त्यांची भांडी तांबडी, चित्रे काळी. गंमत अशी की, निराळा काळा रंग नव्हताच. तीच माती गाळून लोण्यासारखी करीत, तिने आकृती भरीत व सळीने बारीक रेषा कोरीत. आवा पेटला की आधी वारा मोकळा. मग झरोके बंद करून ओल्या लाकडांचा धूर. शेवटी पुन्हा वारा. भांडे तांबडे होई, लेप मात्र काळाच राही. धूर कोंडून मडके काळे करणे आपल्याकडेही ठाऊक आहे. झरोका पुन्हा केव्हा उघडावा, ही त्यांची खरी विद्या.

एक्सेकियस हा त्यांतला श्रेष्ठ. त्याचा एक पेला म्यूनिकच्या संग्रहालयात आहे. पेला रिता झाला की आत मद्यदेव डायोनायसस नौकेत पहुडलेला दिसे. डोलकाठीवर द्राक्षवेल, भोवती सात डॉल्फिन. आणि पेल्याच्या बैठकीवर घडविणाऱ्याचे नाव!

हे नावच आमच्या मनाला लागले. आमच्या आजोबांनी जन्मभर रांजण घडविले. त्यांतला एक घरी उरला आहे. त्यावर बोटांचे ठसे आहेत, नाव नाही. चाकावर बसणाऱ्या आपल्या मुलांनी यंदापासून माती ओली असतानाच भांड्याच्या बुडाशी आपले नाव कोरावे, अशी आमची सूचना आहे.