झरोक्यातले बोळे



दहावी 'ब'चा तो कोपऱ्यातला वर्ग आठवतो ना? पावसाळ्यात वरच्या झरोक्यांतून पाणी मागच्या बाकांवर यायचं. आपण वहीची पानं फाडून बोळे कोंबायचो. मग वर्ग कोंदट व्हायचा आणि बाई ओरडायच्या.

हे मला आठवलं ते इंग्लंडच्या बराकींविषयी वाचताना. १८५७ साली तिथं लष्कराच्या आरोग्याची चौकशी करायला आयोग नेमला गेला. त्यामागं फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा आग्रह होता. आढळलं ते धक्कादायक होतं. निरोगी म्हणून निवडलेले जवान, युद्ध नसताना, मायदेशातच, त्याच वयाच्या नागरिकांच्या जवळपास दुप्पट प्रमाणात मरत होते. सर्वांत मोठं कारण क्षय. त्याचा जंतू कॉख यांनी दाखवला १८८२ मध्ये, पण दाटीचा आणि कोंडलेल्या हवेचा संबंध आयोगाला आधीच दिसला होता. दर माणशी ६०० घनफूट जागा हवी, असं ठरलं. म्हणजे दहा फूट लांब, सहा फूट रुंद, दहा फूट उंच. कित्येक बराकींत ती बरीच कमी होती.

झरोके पाडले, तरी सैनिक ते बुजवून टाकत. थंडीत गार वारा अंगावर कोण घेणार? कॅप्टन डग्लस गॅल्टन या लष्करी इंजिनिअरनं मग शेकोटीच बदलली. तिच्या मागं एक पोकळी ठेवली. बाहेरची ताजी हवा तिथं येऊन तापे आणि छताजवळून खोलीत उतरे. कोंदट हवा धुराड्यातून बाहेर जाई. ऊब आणि मोकळी हवा, दोन्ही एकाच आगीवर.

हे मला आधी कळलं असतं तर! काही वर्षांपूर्वी आमच्या टीमनं एका रुग्णालयासाठी धोक्याची सूचना देणारी प्रणाली केली. नर्स तिचा आवाज बंद करून ठेवायच्या. मी 'शिस्त नाही' असा ई-मेल पाठवला. एका रात्री खरी सूचना कुणाला ऐकूच गेली नाही. पेशंटच्या मुलीनं धावत जाऊन नर्सला बोलावलं, म्हणून निभावलं. दुसऱ्या रात्री मी स्वतः वॉर्डात बसले. पहाटेपर्यंत ते यंत्र सारखं वाजत होतं, बहुतेक वेळा बिनकामाचं. चूक नर्सची नव्हती, माझी होती. गार वारा मीच सोडला होता.

आपल्या शाळेत मात्र हे शिपाईमामांना तेव्हाच कळलं होतं. एका रविवारी त्यांनी झरोक्यांवर बाहेरून पत्र्याच्या तिरक्या झडपा ठोकल्या. आपल्याला एका शब्दानं रागावले नाहीत. त्यानंतर बोळे कोंबायची गरजच उरली नाही.

इंजिनिअरिंगची पदवी मी नंतर घेतली. पहिला धडा मामांचा. तो आज इथं, त्यांच्यासमोर सांगता आला, याचा आनंद आहे.