दीर्घ आजार आणि मनाचा धीर

(महोत्सव-सप्ताहात बजाजनगर येथील रुग्ण व त्यांची शुश्रूषा करणारी मंडळी यांच्यापुढे केलेले भाषण)



महोत्सवप्रसंगी गतकाळाचे कौतुक करावे असा शिरस्ता आहे, आणि ते कार्य माझ्याहून अधिकारी वक्त्यांनी यथास्थित केलेले आहे. मी बोलणार आहे ते, ज्यांना या मंडपापर्यंत चालत येणेही कष्टाचे झाले आहे, त्यांच्याविषयी.

ताप येतो आणि जातो. आठ दिवस घर धावपळ करते, शेजारीपाजारी विचारपूस करतात, आणि मनुष्य उठून कामास लागतो. मधुमेह, संधिवात, अपस्मार, मूत्रपिंडाचा विकार यांची गोष्ट निराळी. हे पाहुणे एकदा आले की बिऱ्हाड थाटून बसतात. ज्याला आठवड्यातून दोन-तीन वेळा चार-चार तास डायलिसिसला पडून राहावे लागते, त्याचे रक्त यंत्र शुद्ध करते खरे. परंतु त्या चार तासांत कर्जाचे, मुलीच्या शिक्षणाचे आणि 'मी घरच्यांना भार झालो' या विचाराचे जे चक्र त्याच्या मनात फिरत असते, ते कोण थांबविणार? मधुमेही माणसांत विषण्णतेचे प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट आढळते असे वैद्यकशास्त्र सांगते. मन खचले की औषधाच्या वेळा चुकतात, पथ्य सुटते, झोप उडते, साखर वाढते. आणि साखर वाढली की मन अधिकच खचते.

आपल्या वसाहतीत यात आणखी भर पडते. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, आणि पोटासाठी खेडी सोडून आलेली कुटुंबे येथे वसली. गावी आजाऱ्याच्या उशाशी बसावयास आजी असे, चुलती असे. येथे दोन खोल्यांत नवरा रात्रपाळीहून येऊन झोपलेला, मुले शाळेत, आणि आजारी बाई दिवसभर भिंतीकडे पाहत पडलेली. कंत्राटी कामगार तर काम जाईल या धास्तीने आजार ठेकेदारापासून लपवितो, आणि कित्येकदा बायकोपासूनही. वास्तविक राज्य कामगार विम्याच्या अटी पुऱ्या करणाऱ्यास क्षय, कर्करोग आदी ३४ दीर्घ आजारांत दोन वर्षांपर्यंत मजुरीच्या ८० टक्के दराने भत्ता मिळू शकतो. प्रवचनात भत्त्याची गोष्ट कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु ज्याची चूल विझली आहे त्याला नुसता धीर देणे ही थट्टा होय.

आता एक अपसमज. 'कोणत्या पापाची ही शिक्षा?' हा प्रश्न मला घरोघर ऐकू येतो. जन्मांधाविषयी शिष्यांनी नेमके हेच विचारले होते, आणि याने वा याच्या आईबापांनी पाप केल्यामुळे हे झाले नाही, असे प्रभूने स्पष्ट सांगितले. योबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ मुकाट्याने बसले, तोवर ते खरे मित्र होते. कारणमीमांसा सुरू केली आणि त्याच्या जखमेवर मीठ चोळले गेले. ज्यास आज समुपदेशन म्हणतात त्याचे अर्धे रहस्य या बसण्यात आहे. बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेल्या स्त्रीला वस्त्राच्या स्पर्शानेच आराम पडला होता; तरीही याईराच्या घरी निघालेला प्रभू वाटेत थांबला, आणि तिने आपली सारी हकीकत सांगितली, तेव्हाच तिला शांतीने निरोप मिळाला.

परंतु ऐकणाऱ्याने आपली मर्यादा ओळखावी. सेमिनरीत आम्हांस तत्त्वज्ञान व ईशज्ञान शिकविले. मनोविकारावर औषध देणे हे डॉक्टरचे काम. ज्याची झोप आठवडेच्या आठवडे उडाली आहे, जो जीव देण्याची भाषा करतो, त्याला केवळ जपमाळ हाती देऊन परत पाठवू नये. त्याला एकटे सोडू नये, घाटी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात न्यावे. १० ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेलिमानस सेवा चालू आहे. १४४१६ हा क्रमांक फिरविला की रात्री-अपरात्री मराठीतून विनामूल्य बोलता येते. रात्रपाळीच्या वस्तीला ही सोय मोलाची आहे.

शुश्रूषा करणाऱ्यांचे काय? कॅनडातील कॅलगरी येथे प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनियाने ग्रासले. त्यांनी ते दुःख लपविले नाही. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था उभारली. २००४ सालचा 'देवराई' हा चित्रपटही याच विषयावरचा. ज्या घरांत हा आजार आहे ती माणसे तेथे एकत्र बसून एकमेकांशी बोलू लागली. आईला रोज उचलून बसविणाऱ्या सुनेला उपदेश नको असतो. दुपारी दोन तास कोणी तिच्या जागी बसावे एवढेच तिला हवे असते. आपल्या महिला मंडळाने हे काम अंगावर घ्यावे अशी माझी विनंती आहे.

शेवटी रुग्णाभ्यंगाविषयी. धर्मगुरू तेल घेऊन दारी आले म्हणजे मरण आले, या भीतीने कित्येक घरे बोलावणेच पाठवीत नाहीत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९७२ साली या संस्काराचा विधी नव्याने ठरला; तो केवळ मरणोन्मुखांसाठी नाही, गंभीर आजार असलेल्या प्रत्येकासाठी आहे, आणि आजार बळावल्यास पुन्हाही घेता येतो. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी मिस्सेनंतर नाव व पाळीची वेळ मला कळवावी. घरचा माणूस जागा असेल अशाच वेळी मी येईन.