धडधडत्या हृदयाचे पंप

रस्ता ओलांडताना कानाशी ट्रकचा हॉर्न वाजतो आणि छाती धडधडू लागते. मूत्रपिंडांच्या डोक्यावर असलेल्या ग्रंथींमधून ॲड्रेनलिन रक्तात उतरतं, हृदयातल्या मज्जातंतूंच्या टोकांतून नॉरॲड्रेनलिन सुटतं. हृदय जोरात आकुंचन पावू लागतं, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्याला तितक्याच झपाट्याने सैलही पडावं लागतं, याकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही.

मिनिटाला ७० ठोके असताना एका ठोक्याला सुमारे ०.८६ सेकंद मिळतात, १५० झाले की फक्त ०.४. एवढ्या वेळात स्नायू सैल पडला नाही, तर हृदयात पुरेसं रक्तच भरणार नाही.

ही सगळी करामत आयनांची. पेशीत कॅल्शियम वाढलं की स्नायू आखडतो, ओसरलं की सैल पडतो. माणसाच्या हृदयात दर ठोक्यानंतर यातलं सुमारे ७० टक्के कॅल्शियम ‘सर्का’ नावाचा पंप पेशीतल्याच साठ्यात परत भरतो. उरलेलं बहुतेक कॅल्शियम सोडियमच्या बदल्यात बाहेर जातं. असं आत आलेलं सोडियम काढायला दुसरा पंप लागतो. तो तीन सोडियम आयन बाहेर टाकतो, दोन पोटॅशियम आत घेतो आणि त्यासाठी एटीपीचा एक रेणू खर्ची घालतो.

हा दुसरा पंप हाती लागला तो खेकड्यामुळे. डेन्मार्कमध्ये ऑर्हुस इथे येन्स स्कोऊ भूल देणारी औषधं कशी काम करतात याचा शोध घेत होते. किनाऱ्यावरच्या खेकड्यांच्या पायांतले मज्जातंतू वाटून त्यांनी त्यातलं एक विकर तपासलं. सोडियम आणि पोटॅशियम दोन्ही असले की ते जोमाने काम करतं, असं त्यांना आढळलं. हे विकर म्हणजेच तो पंप. निबंध १९५७ साली छापून आला, नोबेल मिळालं १९९७ साली.

या दोन्ही पंपांना एकेक लहान प्रथिन लगाम घालून असतं. सर्काला आवरणारं फॉस्फोलॅम्बन जेमतेम ५२ अमिनो आम्लांचं, सोडियम पंपाला आवरणारं फॉस्फोलेमन ७२ अमिनो आम्लांचं. ॲड्रेनलिन पेशीच्या बीटा ग्राहकावर बसलं की आत सायक्लिक एएमपी वाढतं, त्याने एक विकर जागं होतं आणि या प्रथिनांना फॉस्फेट चिकटवतं. लगाम सैल होतो, पंप वेग घेतात. त्याच हुकमाने कॅल्शियमची दारंही जास्त उघडतात, म्हणून ठोका जोरदार पडतो. आवक आणि उपसा एकाच वेळी वाढवणारी ही व्यवस्था निसर्गाच्या उत्तम कामगिरींपैकी आहे.

मात्र ती थोड्या वेळच्या संकटासाठी आहे. हृदय दुर्बल झालं की शरीर त्याला या संप्रेरकांचे चाबूक अहोरात्र मारत राहतं. हळूहळू बीटा ग्राहक कमी होतात, सर्काचं काम मंदावतं, साठ्यातलं कॅल्शियम गळू लागतं आणि ठोक्यांची लय बिघडते.

अशा हृदयाला बीटा ग्राहक अडवणारं औषध, म्हणजे बीटा ब्लॉकर, देणं पूर्वी निषिद्ध मानलं जाई. १९७५ साली स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या डॉक्टरांनी ते देऊन रुग्ण सुधारल्याचं दाखवलं. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत मृत्यूंचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटलं.

म्हणून एक कळकळीची विनंती. तुमच्या घरात कोणाला बीटा ब्लॉकरची गोळी चालू असेल, तर बरं वाटतंय म्हणून ती परस्पर बंद करू नका. ती एकाएकी थांबवणं धोक्याचं असतं. कमी करायचीच असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू करा.